प्लॉट नंबर बावीस यांचा परिचय

स्मरणिकेचं काम कोणाच्या गळ्यात घालायचं हे ठरवायला सहजीवन कॉलनीच्या रौप्यमहोत्सवी समितीला चार मिनिटं लागली. त्यातली तीन चहाची वाट पाहण्यात गेली. उरलेल्या एका मिनिटात अध्यक्ष जानराव म्हणाले, "इंगळे सर मराठी शिकवतेत. त्याईले काय, बसल्या बसल्या होते ते."

इंगळे सर म्हणजे अश्विन इंगळे, वय चोपन्न, अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठीचे शिक्षक, प्लॉट नंबर बावीस. मराठी शिकवणाऱ्या माणसाला जगातलं सगळं लिखाण बसल्या बसल्या होतं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. लग्नाचे बायोडेटा, श्रद्धांजलीचे फलक, नळाला पाणी न आल्याचे अर्ज, हे सगळं सरांनी कॉलनीसाठी एकोणीस वर्षं बसल्या बसल्या केलं होतं. त्यांच्या कंबरदुखीचं कारणही बहुधा हेच असावं.

काम दिसायला साधं होतं. बत्तीस घरं, प्रत्येक घरातल्या एका ज्येष्ठाचा परिचय, अर्धं पान, फोटो. सरांनी माहितीचा एक कागद तयार करून घरोघर दिला. नाव, जन्म, शिक्षण, नोकरी, आवड, आणि खाली 'विशेष'. जातीचा रकाना ठेवला नव्हता. तरी आठवड्याभरात कागद परत आले तेव्हा बत्तीसपैकी सव्वीस जणांनी जात 'विशेष'मध्ये नेऊन बसवली होती.

जानरावांनी लिहिलं होतं, 'घराणे मूळचे पाटीलकीचे. आजोबा वाड्यासमोर बसलेले असताना लोक चपला हातात घेऊन जात.' कोणते लोक, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. सरांना ते लोक चांगले ठाऊक होते. सरांच्या आजोबांना चपलाच नव्हत्या, त्यामुळे त्यांच्यापुरता तो प्रश्न तिथल्या तिथे मिटलेला होता.

कोर्टातून निवृत्त झालेल्या केशवरावांनी 'वैदिक परंपरेचे, सुसंस्कृत, शुद्ध शाकाहारी कुटुंब' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. "ही जात नव्हे, इंगळे सर," ते फाटकातूनच म्हणाले, "हे संस्कार आहेत."

"आमचीबी जात नाई," पलीकडून जानराव म्हणाले. "आमचा इतिहास हाय तो."

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. वऱ्हाडात नव्या माणसाला आधी पाणी विचारतात, मग आडनाव, मग गाव. त्यानंतर मान थोडी कलती करून, आवाज अर्ध्यावर आणून विचारतात, "म्हंजे कोणत्यातले?" आडनावानं काम भागलं तर ही मान कलती करावी लागत नाही. पण इंगळे हे आडनाव चार-पाच जातींत सारख्याच मायेनं नांदतं. एकोणीस वर्षांपूर्वी सर घर शोधत होते तेव्हा सात ठिकाणी मान कलती झाली, सातही ठिकाणी सरांनी खरं उत्तर दिलं, आणि सातही घरं नेमकी आदल्या दिवशीच दुसऱ्याला देऊन झाली होती. आठव्या ठिकाणी विकणारे गृहस्थ आडनाव ऐकून स्वतःच म्हणाले, "अच्छा, म्हंजे आपल्यातलेच!" त्या क्षणी सरांना खोकला आला. खोकला खरा होता, घरात धूळ होती. पण तो थांबेपर्यंत गृहस्थ कागद आणायला आत गेले होते.

त्या खोकल्याला यंदा एकोणीस वर्षं झाली.

खोकला सांभाळायला पथ्य लागतं. सरांच्या बाहेरच्या खोलीत एका धबधब्याचं चित्र होतं. बुद्ध आणि बाबासाहेब आतल्या खोलीत, कपाटाचं दार उघडलं की झाकले जातील अशा भिंतीवर. दर चौदा एप्रिलला सर अकोल्याला, जठारपेठेत राहणाऱ्या बहिणीकडे जात. कॉलनीत सांगताना तो भाचीचा वाढदिवस असे. भाचीचा खरा वाढदिवस नोव्हेंबरात होता, पण ती समजूतदार होती.

पत्नी मायाला हे पथ्य पहिल्यापासून मान्य नव्हतं. ती टेलिफोन खात्यात होती आणि माणसं दिवसभर खोटं काय बोलतात हे तिनं नोकरीत पुरेसं ऐकलं होतं. "गेला का खोकला?" एवढंच ती वर्षातून दोनदा विचारी.

आणि खोकल्याचे फायदेही होतेच की. भाद्रपदात जानरावांकडे महालक्ष्म्यांचं मोठं जेवण असे. आंबील, कढी, पुरणाची पोळी, सोळा भाज्यांची भाजी. दोन-तीन घरं सोडली तर सगळी कॉलनी पंगतीला जाई. सरांचं ताट मात्र घरी येई, झाकून, वर केळीचं पान घालून. "सरांना कुठं त्या गडबडीत बसवता," असा जानरावांच्या घरच्या वहिनींचा निरोप असे. कॉलनीत हा मान फक्त आपल्याला, हे सर बहिणीलाही सांगत. माया ताट घासून, कोरडं करून परत पाठवी.

आता स्मरणिकेनं नेमकं या जागी बोट ठेवलं. सव्वीस जणांचं 'विशेष' छापायचं तर प्लॉट नंबर बावीसचं काय छापायचं? पण हेही निभावलं असतं. निभावलं नाही ते प्लॉट नंबर नऊमुळे.

नऊमध्ये मैनाबाई राहत. निवृत्त नर्स, वय अठ्ठ्याहत्तर. अमरावती जिल्ह्यातली निम्मी आरोग्य केंद्रं त्यांनी पाहिली होती, आणि त्यात सरांचं गावही होतं. म्हणून सर एकोणीस वर्षं त्यांच्या घरासमोरून घाईघाईनं जात आले होते. आता कागद भरून घ्यायला जावंच लागलं, कारण मैनाबाईंना दिसत नव्हतं.

"ये, अश्विन. बस," ओट्यावरून मैनाबाई म्हणाल्या. कॉलनीत सरांना अरेतुरे करणारं एवढं एकच माणूस होतं. "लिही. मी मैना. बाप देवमन, भातकुलीकडचा. छप्पन साली दहा वर्षाची व्हती मी. बाप मले नागपूरले घेऊन गेला, दीक्षेले. गर्दीत हात सुटू नाई म्हणून मायं मनगट त्यानं आपल्या धोतराच्या सोग्याले बांधलं व्हतं. वापस आलो, अन् त्याच हप्त्यात त्यानं मले शाळेत टाकलं. लोक म्हणे, पोरीले काऊन टाकून राहिला? तं बाप म्हणे, आता आपून बौद्ध झालो, आता इचारायचं नाई. तिथून मी नर्स झाली. लिवलं?"

"लिहिलं, मावशी."

"बाकी नाई लिवलं तं चालते. एवढं लिवजो. समद्याईपुढं वाचून दाखवतीन नं?"

"हो, नक्की."

"मले दिसत नाई आता, पण आयकू येते." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुह्या दंडावरची देवी मीच टोचली व्हती. लय रडला तू." आणि सरांचा चेहरा दिसत नसूनही दिसल्यासारख्या हसल्या. "भिऊ नको. मी कोणाले काही बोलत नाई."

सर घरी आले ते पानभर मजकूर घेऊन आणि एक शब्द देऊन. मजकूर फार सुंदर होता, हीच अडचण होती. तो छापला की स्मरणिकेत एका घरी 'बौद्ध' हा शब्द येणार, मग जानराव आपला इतिहास मागणार, केशवराव आपले संस्कार मागणार, आणि शेवटी कोणीतरी मान कलती करून विचारणार, "अन् संपादकाचं?"

माणसाला स्वतःची सोय आणि उदात्त तत्त्व एकाच वेळी सापडलं की त्याच्या आवाजाला वेगळीच धार येते. पुढच्या बैठकीत सर उभे राहिले आणि म्हणाले, "माणसाची ओळख त्याच्या कामानं व्हावी. परिचयात जात नको, धर्म नको. कोणाचाच नको."

टाळ्या वाजल्या. जानरावांनी तर उठून हात मिळवला. "मंजूर! याले म्हंतात सहजीवन."

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण समितीत केशवराव होते, आणि कोर्टात चाळीस वर्षं काढलेला माणूस ठराव मंजूर झाल्यावरच जागा होतो.

"मग आडनावं कशी ठेवता?" केशवराव म्हणाले. "आडनावात सगळं येतं."

"इंगळे सोडून," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सरही हसले, थोडे उशिरा.

आडनावं गेली. मग कोणीतरी म्हणालं की गावावरूनही कळतं, म्हणून गावं गेली आणि सगळ्यांचा जन्म 'ग्रामीण भागात' झाला. वसतिगृहांच्या नावावरून कळतं, ती गेली. शाकाहार गेला. केशवराव एका दिवसापुरते दुखावले, पण काढाकाढीची सुरुवात त्यांनीच केली होती. आवडते सण गेले, कुलदैवतं गेली. 'आवड' या रकान्यात भजन, कव्वाली, कुस्ती, अंगणातली तुळस असं बरंच होतं. प्रत्येकावर चर्चा झाली आणि शेवटी सगळ्यांना वाचनाची आवड लागली.

प्लॉट चौदाच्या हमिदा मॅडम इतका वेळ विणकाम करत ऐकत होत्या. तीस वर्षं त्यांनी उर्दू शाळेत मराठी शिकवली होती. त्यांच्या मुलींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या तेव्हा तपासणीला आलेले साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते, हे त्यांच्या कागदावरचं 'विशेष' होतं. "माझ्या शाळेचं काय केलं, सर?"

"उर्दू शब्द काढावा लागेल, मॅडम. 'शाळेत मराठी शिकवली' असं राहील."

"ते तर तुम्हीही शिकवता. तुमच्यासाठी कोण उठून उभं राहिलं?"

सरांसाठी आजवर कोणी उठलं नव्हतं. त्यांनी तो मुद्दा नोंदवून घेतला नाही.

"बरं, शाळा काढली," हमिदा मॅडम म्हणाल्या. "हमिदा काढून काय ठेवणार? पंचवीस वर्षं इथे हमिदाच आहे मी. ते काही पेटीत घालून ठेवलेलं नाही."

"बाई, प्रश्न तत्त्वाचा आहे," केशवराव म्हणाले.

तत्त्वासाठी नावं गेली. नावांच्या जागी प्लॉट नंबर आले. मग फोटोंवरून कळतं, कपाळावरून कळतं, पदरावरून कळतं, म्हणून फोटो गेले आणि घरांचे फोटो आले. घरांच्या दारांवरून तर लांबूनच कळतं, म्हणून घरंही गेली. शेवटी कॉलनीतल्या झाडांचे फोटो छापायचं ठरलं. पिंपळावर आक्षेप आला, वडावर आला, उंबरावर तर दोन बाजूंनी आला. कडुनिंबाबद्दल कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. बत्तीस प्लॉट, बत्तीस कडुनिंब. सुदैवानं कॉलनीत कडुनिंबांची कमतरता नव्हती.

स्मरणिकेच्या कार्यक्रमात या बत्तीस ज्येष्ठांचा सत्कार व्हायचा होता; याच सुमारास त्यासाठी केलेला सभागृहाच्या परवानगीचा अर्ज परत आला. सभागृह ज्या कार्यालयाच्या ताब्यात होतं त्यांना सत्कारमूर्तींची यादी विहित नमुन्यात हवी होती. रकाना सहा होता, 'प्रवर्ग'.

"आम्ही प्रवर्ग मानत नाही," सर खिडकीतून म्हणाले.

"तुमी नका मानू," आतले बाबू म्हणाले. "रकाना भरा."

सरांनी बत्तीस वेळा 'लागू नाही' लिहिलं. अर्ज चार दिवसांनी परत आला.

"कोणालेच लागू नाई?" बाबूंनी चष्मा वर केला. "मंग हे लोक राह्यतेत कुठी? अन् नावाच्या जागी नंबर कायचे टाकले? हे सत्कारमूर्ती हायेत का कैदी?"

तिसऱ्यांदा अर्ज परत आला तेव्हा त्यावर 'त्रुटींची पूर्तता करावी' असा शिक्का होता आणि सभागृह एका नृत्यवर्गाला देऊन झालं होतं. कार्यक्रम कॉलनीच्या मोकळ्या जागेत, कडुनिंबांखाली मांडव घालून करायचं ठरलं. "बरंच झालं," जानराव म्हणाले. "झाडं पुस्तकातबी अन् वरबी."

छपाई अकोल्याला होती. बहिणीच्या गल्लीच्या तोंडावर उजैरभाईंचा छापखाना होता, जठारपेठेतल्या निम्म्या लग्नपत्रिका तिथून निघत. सर मजकूर घेऊन गेले. उजैरभाईंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग मधलं एक उघडलं, मग शेवटचं. मग चहा सांगितला.

"सर, गलत नका समजू. बत्तीसही प्लॉट एकाच माणसाचे आहेत का?"

"नाही. वेगवेगळे आहेत."

"'ग्रामीण भागात जन्म झाला. नोकरी केली. वाचनाची आवड आहे.' मी तीस वर्षं पत्रिका छापून राहिलो. नावं झाकून मजकूर दाखवा, मी घर सांगतो. इथं तर मले माणूसच दिसून नाही राहिला. निंब दिसतो फक्त."

सरांनी तत्त्व सांगितलं. उजैरभाईंनी मान डोलावत ऐकून घेतलं.

"चांगलं आहे. पण एक सांगतो. माझे वालिद याच मशिनीवर पोथ्या छापत. सप्त्याच्या, पारायणाच्या. लोक म्हणायचे, मुसलमानाच्या हातची पोथी कशी घ्यायची? अन् पुढल्या साली पुन्हा त्यायच्याकडंच यायचे, काहून की शुद्ध छपाई तेच करत. आता त्यायचा परिचय लिहा तुमच्या हिशोबानं. 'यांनी पोथ्या छापल्या.' बस? अरे, गोष्ट कुठी गेली?"

सरांच्या शर्टाच्या खिशात मैनाबाईंचं पान घडी घालून ठेवलेलं होतं. ते तिथे का होतं, हे त्यांना सांगता आलं नसतं. उजैरभाईंचं लक्ष खिशाकडे गेलं. "काही राहिलं का द्यायचं?"

खोकला आला. "नाही. छापा तुम्ही."

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही. अकोला ते बडनेरा सर दारापाशी उभे राहिले, आणि तत्त्वनिष्ठ माणसाला पायही दुखतात हे त्यांच्या लक्षात आलं.

ऑगस्टातल्या रविवारी सकाळी कार्यक्रम सुरू झाला. स्मरणिका हातोहात वाटल्या गेल्या आणि पाच मिनिटं मांडवात फक्त पानं उलटण्याचा आवाज होता. प्रत्येक माणूस स्वतःला शोधत होता. मग कुजबुज सुरू झाली.

"सतरावाले म्हंजे कोण हो?"

"यालेबी वाचनाची आवड, त्यालेबी वाचनाची आवड. मंग कॉलनीचं वाचनालय बंद काऊन पडलं?"

"माझा निंब हा नाही. माझ्या निंबाची फांदी तोडलेली आहे."

आणि मग जे झालं ते सरांनी स्वप्नातही योजलं नव्हतं. पंचवीस वर्षं जो प्रश्न लोक पाठीमागे, मान कलती करून विचारत, तो आता खुर्चीखुर्चीवरून भर मांडवात फिरू लागला. सतरावाले कोणत्यातले? ग्रामीण भाग म्हणजे कोणता ग्रामीण भाग? नोकरी कोणत्या कोट्यातली? पुस्तकातून जात काढली तशी ती सगळीच्या सगळी मांडवात येऊन बसली होती. केशवराव पेन्सिलनं समासात आडनावं लिहीत होते. जानराव त्यांना सांगत होते.

पहिल्या रांगेत मैनाबाई पांढरीशुभ्र साडी नेसून बसल्या होत्या. सूत्रसंचालकांनी सगळ्यात वडील रहिवासी म्हणून त्यांचा परिचय वाचायला त्यांच्या नातीला, आचलला बोलावलं. आचलनं पान उघडलं आणि वाचलं, "प्लॉट नंबर नऊ यांचा जन्म ग्रामीण भागात झाला. त्यांनी नोकरी केली. सध्या त्या निवृत्त असून त्यांना वाचनाची आवड आहे."

"हं. मंग?" मैनाबाई म्हणाल्या.

"संपलं, आजी."

"हे कोणाचं हाय?"

"तुझं."

"मायं?" मैनाबाईंनी क्षणभर विचार केला. "मले सहा वर्षापासून दिसत नाई. आवड कायची?"

मांडव हसला. त्या हसल्या नाहीत. आचलच्या हाताला धरून त्या उठल्या, माइक चाचपून हातात घेतला. आणि मग बाप, भातकुली, नागपूर, धोतराचा सोगा, मनगट, शाळा, सगळं जसंच्या तसं पुन्हा सांगितलं. फक्त शेवटी एक वाक्य जास्तीचं होतं. "ते मनगट बांधलेलं व्हतं म्हणून मी हरवली नाई. तुमच्या पुस्तकात मी हरवली."

कोणी टाळी वाजवली नाही. हमिदा मॅडम उठून उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या राहिल्या. सरांना ते साहेब आठवले.

सूत्रसंचालक हातातल्या कागदाशी इमानदार होते. "यानंतर संपादकांचं मनोगत," त्यांनी जाहीर केलं.

सर वर गेले. वाटेत मैनाबाईंच्या खुर्चीपाशी त्यांची गती मंदावली. त्या काही बोलल्या नाहीत. बोलणार नाही हे त्यांनी सांगितलंच होतं. हात लांब करून त्यांनी फक्त सरांचा दंड धरला, बरोबर देवीच्या खुणेवर, आणि सोडला.

माइकसमोर खोकला आला. चांगला लांबलचक आला. मांडव थांबून राहिला. या वेळी कोणी कागद आणायला आत गेलं नाही.

"मावशींचं पान मी कापलं," सर म्हणाले. "तत्त्वासाठी नाही. त्यांचं छापलं असतं तर माझंही छापावं लागलं असतं. मी बौद्ध आहे. हे सांगायला मला एकोणीस वर्षं लागली. स्मरणिकेतल्या चुकीची जबाबदारी माझी."

एवढं बोलून ते थांबले. एकोणीस वर्षं त्यांनी या क्षणानंतरचा क्षण अनेक प्रकारे कल्पून पाहिला होता. त्यात खुर्च्या सरकत, माणसं उठत, कोणीतरी घराची किंमत विचारी. प्रत्यक्षात पहिल्या रांगेतून जानराव म्हणाले, "बरं, मंग?"

"मग... म्हणजे, एवढंच."

"सर, ते तं तुमचा टेम्पो उतरला त्याच दिवशी माहीत झालं आमाले. डायव्हर तुमच्या गावाच्या बाजूचा व्हता. आमी त्याले पाणी पाजलं, त्यानं सांगितलं."

"आपण स्वतः बोलत नाही, म्हटल्यावर आम्ही विषय काढणं बरं दिसलं नसतं," केशवराव म्हणाले.

"अन् ते भाचीचं!" जानरावांना आता जोर चढला. "तिच्या लग्नाले दहा वर्षं झाली, पुण्याले राह्यते ती. तरी वाढदिवस अकोल्यात? आमी म्हटलं, असंन बाप्पा."

हमिदा मॅडम बसत म्हणाल्या, "मला वाटायचं, सगळ्यांना माहीत आहे हे तुम्हालाही माहीत आहे."

मांडव मोकळेपणानं हसला आणि कार्यक्रम पुढे गेला. नाश्त्याला सांभारवडी होती. सरांना ती उतरली नाही. रहस्य फुटल्याचं दुःख माणूस सोसू शकतो, पण रहस्य कधी नव्हतंच हे कळणं फार अपमानकारक असतं. एकोणीस वर्षं ज्या पेटीवर पहारा दिला, तिचं झाकण पहिल्या दिवसापासून उघडं होतं, आणि लोक येता-जाता आत डोकावून पहारेकऱ्याला नमस्कार करत होते.

घरी आल्यावर सर धबधब्यासमोर बराच वेळ बसून राहिले. मग एकदम ताठ झाले.

"माया, टेम्पोच्या दिवसापासून माहीत होतं म्हणजे... ते ताट."

"कोणतं?"

"महालक्ष्म्यांचं. पंगतीत सगळे. आपलं घरी."

माया कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं उशीचा अभ्रा चौकोनी केला, थापला, बाजूला ठेवला. "तुम्हाला आत्ता कळलं?"

"तुला माहीत होतं?"

"ताट घासत मी होते," ती म्हणाली.

सरांनी धबधबा काढून पलंगाखाली सरकवला आणि आतल्या खोलीतले दोन्ही फोटो त्याच्या जागी आणले. एक खिळा कमी पडला, तो ठोकताना अंगठा ठेचला. त्याच अंगठ्यानं त्यांनी संध्याकाळी उजैरभाईंना फोन लावला. पुरवणी काढायची ठरली. ज्यानं त्यानं आपला परिचय आपणच लिहावा, संपादक फक्त शुद्धलेखन बघेल. जानरावांनी चपलांचं वाक्य पुन्हा पाठवलं. सरांनी ते परत केलं आणि खाली लिहिलं, 'कोणते लोक, ते कळवावे.' जानरावांचं उत्तर तीन आठवडे आलं नाही. मग कागद आला तो चपलांचं वाक्य खोडून. केशवरावांनी दोन रेघांची एक केली. मैनाबाईंचं पान खिशातून निघून जसंच्या तसं गेलं. प्लॉट बावीसचा मजकूर चार ओळींचा होता, त्यात गाव होतं, धर्म होता आणि वाचनाची आवड नव्हती.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. दुपारी दोनच्या सुमारास जानरावांची सून फाटकात उभी राहिली. हातात झाकलेलं ताट, वर केळीचं पान. "आईंनी पाठवलं," ती म्हणाली, आणि सरांकडे न बघता गेली. सवय अशी एका मांडवात मोडत नाही.

सरांनी ताट घेतलं. आत नेलं नाही. चपला घातल्या आणि ताट दोन्ही हातांनी सांभाळत रस्ता ओलांडून जानरावांच्या घरी गेले. पंगत बसली होती. गडबड होती खरी, पण चोपन्न वर्षांच्या माणसाला झेपणार नाही इतकी नव्हती. जानरावांचा घास हातात थांबला.

"ताट घेऊनच आलो," सर म्हणाले. "तुम्हाला वाढायचा त्रास नको."

"सर, यंदा मी म्हणणारच व्हतो..."

"म्हणा."

जानरावांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग त्यांनी आपला पाट सरकवला. फार नाही, एका ताटापुरता. सर मांडी घालून बसले, कंबर कुरकुरली. त्यांनी पान बाजूला केलं. रस्ता ओलांडेपर्यंत कढी गार झाली होती.

"गरम आणू का, सर?" वहिनींनी पदर सावरत विचारलं.

"आणा. मला घाई नाही."

तेवढ्यात दारात माया आली. तिच्या हातात काही नव्हतं. सरांच्या पलीकडची जागा पाहून ती बसली आणि वहिनींना म्हणाली, "मलाही इथंच ताट वाढा, वहिनी. यंदा मी घासणार नाही."